कागदावरचा पाट

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. पुण्याला मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आमचं सर्व्हेचं शिबिर लोणावळ्याला पडलं होतं. दिवाळी होऊन महिना उलटला होता. स्टेशनापासून जरा लांब, एका मोकळ्या माळावर तंबू ठोकलेले. सकाळी उठलं की तंबूच्या कनातीवर दव असायचं आणि समोरच्या डोंगरांवर ऊन आधी शेंड्याला लागायचं, मग हळूहळू खाली उतरायचं. मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडं त्या दिवसांत विहिरीचा तळ दिसायला लागायचा. इथं डोंगराच्या घळीघळीतून अजून पाणी वाजत होतं, आणि मला त्याचंच अप्रूप वाटायचं.

शिबिरात तिघातिघांचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक प्रोजेक्ट असे. कुणाला रस्ता, कुणाला पूल, कुणाला साठवणीचा तलाव. जागेवर जाऊन मोजमाप घ्यायचं, तंबूत बसून नकाशे काढायचे, अहवाल लिहायचा, मार्क घ्यायचे आणि पुण्याला परत जायचं. बांधायचं काहीच नसे. ते रस्ते, पूल आणि तलाव वर्षानुवर्षं कॉलेजच्या कपाटात गुंडाळून पडलेले असत.

आमच्या गटात मी, एक धारवाडकडचा आणि एक लोणावळ्याचाच होता. लोणावळेकराच्या वडिलांचं बाजारात दुकान होतं. मुसलमान घर, पण मावळातली झाडून सगळी गावं त्याला पाठ, आणि दर दोन दिवसांनी घरून त्याच्यासाठी डबा यायचा तो आम्ही तिघं मिळून संपवायचो. धारवाडकर गणितात हुशार, तोंडानं बोलका. मराठी बोलायला त्याला फार आवडे. फक्त कुठला काळ कुठं वापरायचा याचा त्याला पत्ता नसे. ‘उद्या मी गेलो’ आणि ‘काल मी जाईन’ असं तो अगदी आत्मविश्वासानं बोलायचा.

आम्हाला प्रोजेक्ट मिळालं ते पाटाचं. मळवली स्टेशनावर उतरून तासभर चाललं की डोंगराच्या कुशीत पंचवीसेक उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला, पाऊण मैलावर, एका घळीत बारमाही झरा होता. त्याचं पाणी ओढ्यात पडायचं आणि ओढा गावाच्या खालून खोल दरडीतून निघून जायचा. बायका ती दरड उतरून पाणी भरायच्या आणि डोईवर हंडे घेऊन चढून यायच्या. आमच्या प्रोफेसरांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, “झऱ्यापासून गावापर्यंत डोंगराच्या अंगानं पाट काढता येईल का, ते बघा. उतार पाचशे फुटांना एक फूट. त्याहून जास्त नको, कमी नको.”

हे प्रोफेसर फार कमी बोलायचे. कोटाच्या खिशात कायम फुटाणे असत. आमची मोजमापाची वही तपासताना एकेक फुटाणा तोंडात टाकत जायचे. चूक सापडली की चावणं थांबायचं.

पाच दिवस आम्ही त्या गावात जात होतो. लोणावळेकर फुटांचे आकडे रंगवलेली उंच लाकडी पट्टी धरून उभा राहायचा, मी दुर्बिणीतून ती वाचायचो आणि धारवाडकर आकडे लिहायचा. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. पट्टी उलटी, पट्टी धरणारा उलटा, आकाश खाली. जिथं उतार बरोबर जुळे तिथं आम्ही लाकडाची खुंटी ठोकायचो. अशा खुंट्यांची एक ओळ डोंगराच्या अंगानं झऱ्यापासून गावाकडं सरकत चालली.

दुसऱ्याच दिवशी गावातली माणसं भोवती जमली. त्यात एक म्हातारा होता. गावातलं कुठलंही भांडण त्याच्याकडं जायचं, सगळे त्याला आबा म्हणायचे. आणि एक पन्नाशीची बाई, काष्टा खोचलेला, हातात विळा. एकटीच होती ती, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, भाताची दोन खाचरं स्वतः कसायची. तिला आम्ही मावशी म्हणायला लागलो.

“ह्या खुंट्या कशापायी?” आबांनी विचारलं.

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात धारवाडकरानं वहीवरून मान वर केली आणि हसून म्हणाला, “पाणी येतंय, आबा. वरनं निघतंय, खुंटी-खुंटीनं हितं येतंय.”

त्याला म्हणायचं होतं, पाणी आणता येईल का ते आम्ही बघतो आहोत. पण माणसांनी ऐकलं ते ऐकलं. आबांनी खुंट्यांच्या ओळीकडं पाहिलं, मग वर घळीकडं, मग खाली गावाकडं. मावशी म्हणाली, “व्हय? हितं? माज्या दारापतूर?” तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला ‘नाही हो, हे फक्त कॉलेजचं काम आहे’ असं सांगवेना. लोणावळेकरानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मग त्यानं पट्टी पुढच्या जागी नेली आणि मी दुर्बिणीला डोळा लावला.

शेवटच्या दिवशी खुंट्या गावच्या देवळापाशी पोचल्या. नियम असा की जितकं गेलात तितकं मोजत परत यायचं, म्हणजे चूक असली तर सापडते. पण संध्याकाळची गाडी गाठायची होती, पाय दुखत होते, आणि लोणावळेकराच्या घरून त्या दिवशी बिर्याणी येणार होती. धारवाडकर म्हणाला, “परतीचे आकडे तंबूत बसून लिहूया की.” आम्ही तेच केलं. खरे वाटावेत म्हणून दोन-तीन ठिकाणी बारीकसा फरकही टाकला. बिर्याणी चांगली झाली होती.

चूक उघडी पडली ती आठवड्यानं. दुसऱ्या एका गटाकडं त्याच गावापर्यंतच्या रस्त्याचं काम होतं. त्यांनीही देवळाच्या चौथऱ्याची उंची काढली होती. एका दुपारी नकाशे रंगवताना सहज ताडून पाहिलं, तर आमचा आकडा त्यांच्यापेक्षा बरोबर एक फुटानं कमी. बरोबर एक फूट म्हणजे काय झालं असणार, ते मला लगेच कळलं. कुठंतरी पट्टीवरचा चार मी पाच असा वाचला होता, आणि पट्टीवर आकडा जास्त वाचला की जमीन आहे त्याहून खाली वाटते. त्या जागेपासून पुढच्या सगळ्या खुंट्या असायला हव्या होत्या त्याहून एक फूट वर बसल्या होत्या. म्हणजे आमच्या पाटातलं पाणी तिथं येऊन थबकलं असतं. पाण्याला पायरी चढता येत नाही.

“कागदावरच आहे ना?” लोणावळेकर म्हणाला. “एक फूट इकडचा तिकडं करून टाकू.”

मी खोडरबर हातात घेतलाच होता. तेवढ्यात तंबूबाहेरून हाक आली, “पोरांनो, हायसा का?”

मावशी होती. लोणावळ्याचा बाजार होता आणि ती पावट्याच्या शेंगा विकायला आली होती. टोपली रिकामी करून, आमच्यासाठी राखलेल्या दोन मुठी शेंगा पदरात घेऊन ती आमचा तंबू शोधत आली होती. शेंगा तिनं नकाशावरच ओतल्या.

“येक इचारायचं व्हतं,” ती म्हणाली. “ती शेवटची खुंटी देवळापाशी हाय न्हवं? तिच्या म्होरं कसं न्यायचं? तुमी काय सांगितलंच न्हाई.”

“पुढं काय न्यायचं?” मी विचारलं.

“पाट! आन काय? गडी देवळाच्या अंगाला येत्याल चार दिसांत.”

लोणावळेकरानं तिला खाटेवर बसवलं. मग हळूहळू सगळं कळलं. आम्ही गेल्यावर गावानं तीन दिवस वाट पाहिली. काही जण म्हणाले, सरकारची माणसं येतील आणि खणतील. मावशी म्हणाली, खुंटीला खुंटी जोडायची, त्याला सरकार कशाला पायजे? आबांनी घरटी एक माणूस लावला. खुंटीच्या बुडापासून हातभर खोल, दीड हात रुंद, अशी खणती झऱ्यापासून सुरू झाली. ज्यांच्या बांधातून पाट जात होता त्यांच्याशी आबा बोलले. निम्म्याच्या पुढं काम झालं होतं.

“तो उंबर हाय न्हवं, त्येच्या बी म्होरं गेलोय,” मावशी अभिमानानं म्हणाली.

उंबराचं नाव निघताच माझे कान तापले. उंबरापाशी आम्ही दुर्बीण हलवून नव्या जागी मांडली होती. तिथंच ती पट्टी मी घाईनं वाचली होती, कारण झाडाखाली मावशीनंच आणलेली भाकरी वाट पाहत होती.

ती गेल्यावर धारवाडकर म्हणाला, “मी ‘येईल’ म्हणायला पाहिजे होतं.”

“तू काहीही म्हटलं असतंस तरी आकडा मी चुकवला,” मी म्हणालो, आणि वही उचलून प्रोफेसरांच्या तंबूकडं निघालो. दोघंही पाठोपाठ आले. त्यांनी यावं असं मी म्हटलं नव्हतं.

प्रोफेसर टेबलाशी बसून वह्या तपासत होते. मी सगळं सांगितलं. चुकलेला आकडा, तंबूत बसून लिहिलेली परतीची मोजणी, मग गावकऱ्यांची खणती. फुटाणे चावणं पहिल्याच वाक्याला थांबलं होतं. माझं बोलणं संपलं तरी ते सुरू झालं नाही.

“परतीचे आकडे खोटे लिहिले?”

“हो, सर.”

“तिघांनी मिळून?”

“हो.”

मग त्यांनी वही बंद केली आणि अगदी वेगळाच प्रश्न विचारला.

“किती माणसं खणताहेत?”

“वीस-पंचवीस असतील, सर.”

“पंधरा वर्षं शिबिरं घेतोय मी,” ते म्हणाले. “आमच्या खुंटीवर आजपर्यंत कुणी कुदळ मारली नव्हती.” त्यांचा आवाज मला रागाचा वाटला नाही. त्यांनी कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं, उभे राहिले. “सकाळच्या पहिल्या गाडीनं निघायचं. मी येतोय. आणि गावाला चूक सांगणार तू. मी नाही.”

मळवलीपासून गावापर्यंतची ती वाट मला इतकी लांब कधीच वाटली नव्हती. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि एकही धड जुळत नव्हतं. गावाजवळ आलो तर कुदळींचा आवाज ऐकू यायला लागला. डोंगराच्या अंगानं तांबड्या मातीची एक लांबलचक रेघ उमटली होती. कागदावर मी ती निळ्या शाईनं काढली होती. इथं ती खरीच होती, काठाला उपसलेल्या मातीचे ढीग, त्यावर बसलेल्या बाया, आणि पाटात कमरेत वाकलेली माणसं. प्रोफेसर थबकले. डोक्यावरची हॅट काढून त्यांनी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

आबा पुढं आले. “या सायेब. तुमच्या पोरांनी लय चांगलं काम केलं.”

मग मात्र मला थांबता येईना. “आबा,” मी म्हणालो, “काम चांगलं नाही झालं. माझी चूक झालीय. उंबराच्या पुढच्या खुंट्या एक फूट वर लागल्यात. तुम्ही खणलंय तसंच ठेवलं तर पाणी उंबरापाशी थांबेल. पुढं येणार नाही.”

कुदळी थांबल्या. आबांनी माझ्याकडं पाहिलं.

“म्हंजी पानी चढनार न्हाई?”

“नाही चढणार.”

“मंग खाली खणायचं,” आबा म्हणाले. “खणायलाच आलोय.”

मावशी ढिगावरून उतरून आली. “फूट म्हंजी किती, ते दाव बघू.”

मी दोन्ही हात समोर धरून दाखवलं. पण तो फूट कधी लहान कधी मोठा होत होता.

“येवढंच?” ती म्हणाली. “आन त्यासाटी तोंड उतरवून आलास व्हय? मला वाटलं कुनी मेलं का काय!”

पहिल्यांदा एक म्हातारी हसली, मग बाकीच्या बाया, मग पाटातले गडी. आबाही हसले. मी हसावं की रडावं हे न कळून तसाच हात पसरून उभा होतो, आणि धारवाडकरानं माझे हात धरून खाली केले.

दुपारपर्यंत आम्ही सगळं पुन्हा मोजलं. या वेळी दुर्बिणीला धारवाडकर होता, मी लिहीत होतो, आणि पट्टी स्वतः प्रोफेसर धरून उभे होते. लोणावळेकरानं पट्टी घ्यायला हात पुढं केला तर म्हणाले, “तू खुंट्या उपट आणि नव्या ठोक.” पट्टी धरणं हे आमच्याकडं सगळ्यात कमी मानाचं काम. पण त्यांच्याइतकी ताठ पट्टी मी नंतर सगळ्या नोकरीत पाहिली नाही. वारा सुटला तरी हलायची नाही. गावातली माणसं कुजबुजत होती, एवढा मोठा सायेब काठी धरून उभा राहतो म्हणून. देवळापर्यंत गेलो आणि तिथून मोजत झऱ्यापर्यंत परत आलो. फरक निघाला अर्ध्या बोटाचा. प्रोफेसरांनी खिशात हात घातला आणि फुटाणा तोंडात टाकला.

मग तीन दिवस आम्ही खणलं. शिबिरातलं बाकी सगळं काम प्रोफेसरांनी आम्हाला माफ केलं नाही. ते रोज संध्याकाळी परत जाऊन करावं लागायचं. पण सकाळी पहिली गाडी आणि मग दिवसभर कुदळ. पहिल्या तासातच माझ्या तळहाताला फोड आले. मावशीनं पाहिलं आणि कुदळ काढून घेतली. “तू माती वड. खणनं तुजं काम न्हाई.” मी पाटी ओढायला लागलो. लोणावळेकर मात्र गड्यांच्या बरोबरीनं खणत होता, आणि त्याचा अभिमान त्यानं पुढं दोन वर्षं आम्हाला ऐकवला. दुसऱ्या दिवशी रस्त्याचा गट आला, तिसऱ्या दिवशी पुलाचाही. कुणी बोलावलं नव्हतं. दुपारी नव्या तांदळाचा भात आणि पावट्याची आमटी असायची, उंबराखाली पंगत बसायची आणि धारवाडकर सगळ्यांना मराठी शिकवायचा. हे आबांचं म्हणणं. आपण त्यांच्याकडून शिकतोय, असं धारवाडकराला वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी सोडायचं ठरलं. झऱ्याच्या तोंडाशी दगडमातीचा लहानसा बांध घातला होता. आबांनी नारळ फोडला, आणि पाटाच्या तोंडावरचं ढेकूळ काढायला मावशीला पुढं केलं. तिनं पायानंच ते ढकललं.

पाणी धावत येईल असं मला वाटलं होतं. ते धावलं नाही. कोरडी माती ते पिऊन टाकत होती. चार हात पुढं यायचं, मुरायचं, फेस धरायचं, मग मागून नवं पाणी आलं की पुढं सरकायचं. त्याच्या टोकाला काटक्या, सुकी पानं, मुंग्या. आम्ही सगळे त्याच्या बरोबरीनं काठाकाठानं चालत होतो. लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा घर जसं त्याच्या मागं चालतं, तसे. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मध्येच पाणी थांबलं की सगळे थांबायचे.

उंबरापाशी ते थांबलं.

पाणी तिथं पसरलं, एक सुकं पान त्यात गरगर फिरायला लागलं. प्रोफेसर गुडघ्यावर बसले, कोट मातीत. कुणीतरी म्हणालं, “चढंना जनू.” ते पान फिरत फिरत काठाला लागलं, सुटलं, आणि सरळ पुढं निघालं. त्याच्या मागून पाणी.

“आलं! आलं!” धारवाडकर ओरडला. काळ अगदी बरोबर होता.

मग कुणाला कुणाचं भान राहिलं नाही. माणसं धावायला लागली, पाण्याच्या पुढं पळत जाऊन परत त्याला भेटायला येत होती. बाया एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. मावशी पाटात उतरून पाण्यासोबत चालत होती, काष्टा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि आपल्या खाचराला, डोंगराला, पाण्याला, जे दिसेल त्याला काहीतरी सांगत होती. देवळापाशी पाणी पोचलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. आबांनी ओंजळ भरली, पहिली देवळाच्या पायरीवर ओतली, दुसरी प्रोफेसरांच्या हातात. पाणी गढूळ होतं, त्यात माती होती. प्रोफेसरांनी ते डोळे मिटून पिऊन टाकलं.

प्रोजेक्टात आम्हाला फार मार्क मिळाले नाहीत. खोट्या परतीच्या मोजणीचे मार्क त्यांनी पुरते कापले. अहवालात चूक जशी झाली तशी लिहायला लावली, आणि ‘ग्रामस्थांनी केलेली खणती’ हा भाग वगळायला सांगितला, कारण त्याच्यासाठी अहवालात रकानाच नव्हता. आम्ही तो भाग शेवटी, पुरवणी म्हणून जोडला. त्यांनी तो काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी नोकरीला लागलो होतो. रजा काढून एकदा त्या गावी गेलो. पाटाच्या काठानं हरभरा उभा होता, आणि देवळाच्या बाजूला बायका कपडे धूत होत्या. पाट मध्ये दोन ठिकाणी ढासळला होता तो गावानंच बांधून घेतला होता. मावशीनं मला घाट्यांनी भरलेला हरभऱ्याचा डहाळा दिला आणि परत निघेपर्यंत ती तो संपवायला लावत होती.

पण त्या शिबिराचा शेवट मला आठवतो तो वेगळा. शेवटच्या दिवशी तंबू उतरवत होतो. दोऱ्या सुटल्या होत्या, खाटा बैलगाडीत चढत होत्या. तेवढ्यात माळावरून चार माणसं चालत आली. पागोटी, घोंगड्या, पायाला धूळ. ओळखीची नव्हती. ती सरळ प्रोफेसरांपुढं जाऊन उभी राहिली.

“सायेब,” त्यातला थोरला म्हणाला, “आमी डोंगराच्या पल्याडच्या गावचं. आमच्याकडं बी झरा हाय. ती तुमची पोरं येऊन खुंट्या मारत्यात का? खणायचं आमी बघतो.”

प्रोफेसरांनी उतरवलेल्या तंबूकडं पाहिलं, लादलेल्या गाडीकडं पाहिलं, मग आमच्याकडं. गाडीला अजून दोन दिवस थांबायला सांगता येईल का, असं त्यांनी लोणावळेकराला विचारलं. लोणावळेकर म्हणाला, येईल. धारवाडकर खाटांच्या खालून दुर्बिणीची पेटी ओढायला लागला होता.

“वही नवी घे,” प्रोफेसर मला म्हणाले. “आणि परतीची मोजणी आधी.”

“आधी कशी होईल, सर?” मी विचारलं.

ते हसले. सबंध शिबिरात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.